कोजागरी आणि दर्याची भाषा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचे लिखित रूप)



महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी जे सण विशेष निष्ठेने जपले, त्यांत कोजागरीचा क्रम वरचा आहे. गणपतीला मांडव लागतो, वर्गणी लागते. कोजागरीला एक गच्ची आणि एक पातेले पुरते. केशर-वेलदोडे घालून दूध आटवावे, त्यात चंद्राचे बिंब पाहावे, मध्यरात्रीपर्यंत गाणी म्हणावीत आणि लहानांना ती जुनी कथा सांगावी: आश्विन पौर्णिमेच्या मध्यरात्री लक्ष्मी पृथ्वीवर संचार करते आणि ‘को जागर्ति?’, म्हणजे ‘कोण जागे आहे?’, असे विचारत जाते.

गच्चीवरची मंडळी एक-दीडच्या सुमारास जांभया देत खाली उतरतात. त्याच वेळी किनाऱ्यापासून पंधरा-वीस किलोमीटर आत, हेलकावणाऱ्या बोटीच्या काठावर बसून एखादा मच्छीमार हातातल्या दोरीची हालचाल बोटांनी जोखत असतो. लक्ष्मीच्या प्रश्नाला ‘मी’ असे उत्तर देण्याचा पहिला अधिकार त्याचा. हे भाषण त्याच्या जागरणाविषयी आहे. आणि त्या जागरणात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले ज्ञान कोणत्या भाषेत साठवले जाते, त्याविषयी.

पौर्णिमेचे वर्णन करताना साहित्याने समुद्राला नेहमीच हाताशी धरले. चंद्रोदय पाहून समुद्र उचंबळतो, ही कल्पना संस्कृत काव्यापासून मराठी भावगीतापर्यंत सर्वत्र आढळते. मच्छीमाराच्या लेखी मात्र पौर्णिमा ही सरळसोट आनंदाची रात्र नाही. ती डोळ्यांना सुखावते, पण जाळ्याला बाधते. चांदणे पाण्यात खोलवर उतरते आणि पडद्यासारखे उभे सोडलेले जाळे मासळीला दिसू शकते. समुद्रातील सूक्ष्म प्राणी दिवसा खोल पाण्यात राहतात आणि अंधार पडला की अन्नासाठी वर येतात. त्यांच्यामागे लहान मासे आणि लहान माशांच्या मागे मोठे मासे वर येतात. लख्ख चांदण्यात हे प्राणी वर येण्याचे टाळतात, म्हणून त्यांच्यावर जगणारेही खालीच रेंगाळतात. अमावास्येच्या काळोखात माशांचा थवा जवळून गेला की पाण्यातील सूक्ष्मजीव निळसर चमकतात आणि त्या चमकेवरून जाणता तांडेल थवा ओळखतो. पौर्णिमेला चंद्राच्या प्रकाशात ती चमकही बुडून जाते. जी रात्र कवीला सर्व काही दाखवते, ती मच्छीमारापासून बरेच काही लपवते.

तरीही पौर्णिमेला बोटी जातात. का जातात आणि त्या रात्री काय घडते, हे समजण्यासाठी दोन मित्रांची कल्पना करावी. त्यांना नावे देण्याचे कारण नाही. कोकणच्या किनाऱ्यावरील बहुतेक गावांत असे दोघे सापडतात. दोघे सातवीपर्यंत एका बाकावर बसले. वडिलांची बोट सांभाळायला कोणी नव्हते म्हणून एकाची शाळा तेथेच सुटली आणि पुढे तो तांडेल झाला. दुसरा शिकत राहिला, परप्रांतातील शहरात नोकरीला लागला, आणि तीस वर्षे त्याचा कामाचा कागद इंग्रजीत व बाजारहाट तेथील भाषेत चालला. आश्विनात तो गावी आला आहे आणि कोजागरीची रात्र मित्राबरोबर समुद्रावर काढण्याचा हट्ट त्याने धरला आहे.

बोट निघते दुपारी तीनला. नवख्याला ही वेळ विचित्र वाटेल. रात्रभर मासेमारी करायची तर संध्याकाळी निघावे, असे कोणीही म्हणेल. पण खाडीकाठच्या गावात निघण्याची वेळ घड्याळ ठरवत नाही, तिथी ठरवते. किनाऱ्यावर एक जुना हिशोब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून दुपारी आणि मध्यरात्री, अकरा-बाराच्या आगेमागे समुद्र भरलेला. बंदराबंदरांत थोडा फरक पडतो आणि तो फरक तेथील माणसांना ठाऊक असतो. दुपारची भरती ओसरू लागली की सहाच्या सुमाराला पाणी तळाला जाते आणि खाडीच्या मुखाशी साचलेली वाळू उघडी पडू लागते. तिच्यावरून बोट नेण्याइतके पाणी आहे तोवर, ओहोटीच्या ओढीबरोबर बाहेर पडायचे. परतीचाही निर्णय निघतानाच झालेला असतो: पहाटे सहाला पुन्हा ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या आत खाडीत शिरणे नाही.

संध्याकाळी किनाऱ्याची रेषा पुसट होते. सूर्य समुद्रात बुडतो आणि जवळपास त्याच वेळी पाठीमागे सह्याद्रीच्या माथ्यावरून तांबूस चंद्र वर येतो. पश्चिम किनाऱ्यावरचा मच्छीमार पौर्णिमेचा चंद्र नेहमी जमिनीवरून उगवताना आणि समुद्रात मावळताना पाहतो. पुरीचा किंवा चेन्नईचा मच्छीमार तोच चंद्र समुद्रातून वर येताना पाहतो. एकाच देशातील दोन किनाऱ्यांवर चंद्राच्या उदयास्ताचे अर्थ असे उलटे आहेत.

खडकाळ तळाच्या जागेवर नांगर पडतो. बोटीवर तिसरा आहे तो विशीतला खलाशी. चुलीवर भात शिजतो, सोबत भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. शहरातील मित्राने थर्मासात मसाल्याचे दूध आणलेले आहे. पण मासळीवर दूध पिऊ नये, हा नियम दोघांच्याही आज्यांनी घालून दिलेला, त्यामुळे थर्मास बंदच राहतो.

आता वाट पाहण्याचे तास सुरू होतात. पौर्णिमेला जाळ्याचा भरवसा नाही म्हणून तांडेलाने गळाच्या दोऱ्या आणल्या आहेत. पण गळ लगेच टाकून उपयोग नसतो. उधाणाचा प्रवाह इतका जोराचा असतो की दोरीला बांधलेले शिसे तळापर्यंत पोहोचत नाही, तिरके वाहून जाते. सहा तास पाणी किनाऱ्याकडे धावणार, मग मध्यरात्री भरती पूर्ण झाली की ते काही काळ थबकणार, आणि नंतर उलट दिशेला धावू लागणार. त्या थबकलेल्या वेळेतच वीस वाव खोलीवर गळ सरळ उतरतो. साऱ्या रात्रीच्या श्रमाचे फळ त्या थोड्या वेळात पदरात पडते. उत्तरेकडे, मुंबई-वसईच्या समुद्रात, डोल जाळे लावणाऱ्यांचे गणित याच्या नेमके उलट असते. त्यांचे पिशवीसारखे जाळे एका जागी बांधलेले असते आणि प्रवाह जितका जोराचा तितके बोंबील, जवळा आणि करंदी त्यात अधिक वाहून येतात. म्हणून पौर्णिमा-अमावास्येचे उधाण डोलकऱ्याला हवे असते. एकाच समुद्राचे एकच उधाण एका जाळ्याला पोसते आणि दुसऱ्या गळाला ताटकळत ठेवते.

दूर क्षितिजावर एरवी पांढऱ्या प्रखर दिव्यांचे पुंजके दिसतात. पाण्यावर एलईडी दिव्यांचा झोत टाकून मासळी एकत्र ओढायची आणि मोठ्या जाळ्याने लहानमोठी सगळी उचलायची, ही ती पद्धत. देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात तिला २०१७ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली. तरीही तक्रारी थांबलेल्या नाहीत. पौर्णिमेच्या रात्री मात्र हे दिवे निष्प्रभ होतात, कारण साऱ्या समुद्रावरच उजेड पसरलेला असताना दिव्याच्या झोताचे आकर्षण उरत नाही. जुन्या मच्छीमाराला पौर्णिमेने पोटाला थोडा चिमटा दिला, तरी त्याच पौर्णिमेने मासळीला महिन्यातून काही रात्रींची उसंतही दिली. समुद्र टिकून राहायचा तर कोणीतरी हात आखडता घ्यावा लागतो. चंद्र तो सगळ्यांच्याच वतीने घेतो.

अशा वाट पाहण्याच्या तासांत तांडेल मित्राला एक प्रश्न विचारतो. तो प्रश्न त्याने कित्येक वर्षे मनात बाळगलेला आहे. चंद्र डोक्यावर आला की पाणी चढते, हे त्याने लहानपणापासून पाहिले. चंद्र पाणी ओढतो, हेही त्याला पटले. पण भर दुपारी, चंद्र पृथ्वीच्या पलीकडे, पायांखाली असताना दुसरी भरती का येते? ओढणारा खाली असेल तर पाण्याने खाली जावे, वर का चढावे?

हा प्रश्न किरकोळ नाही. सतराव्या शतकात युरोपातील पहिल्या प्रतीच्या बुद्धीला भरती-ओहोटीचे कोडे सुटलेले नव्हते. केप्लरने चंद्राच्या ओढीकडे बोट दाखवले होते. गॅलिलिओने मात्र १६३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या विख्यात संवादग्रंथात ही कल्पना झिडकारली आणि पृथ्वीच्या गतीमुळे समुद्र हिंदकळतो, असे प्रतिपादन केले. ते चुकीचे होते. १६८७ मध्ये न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ आला आणि गुरुत्वाकर्षणाच्या नियमातून दोन्ही भरतींचा उलगडा झाला. सातवीत शाळा सुटलेल्या तांडेलाचा प्रश्न हा त्या थोर परंपरेतील प्रश्न आहे. तो त्याला पुस्तकाने दिलेला नाही. हजारो रात्रींच्या निरीक्षणाने दिलेला आहे.

शहरातील मित्र थोडा वेळ गप्प राहतो. त्याचे कामकाजाचे इंग्रजी येथे उपयोगी पडत नाही. मग त्याला आठवते ते शाळेतील भूगोलाच्या तासाचे मराठी. तो जाळ्याचे तीन तरंगे उचलतो आणि फळीवर एका रेषेत मांडतो. पहिला म्हणजे चंद्राच्या बाजूचे पाणी, मधला म्हणजे पृथ्वी, तिसरा म्हणजे पलीकडचे पाणी. चंद्राची ओढ जवळच्यावर सर्वांत जास्त, मधल्यावर कमी, लांबच्यावर सर्वांत कमी. तो पहिला तरंगा चार बोटे पुढे सरकवतो, मधला दोन बोटे, तिसरा एक बोट. तिघांमधील अंतरे वाढतात. जवळचे पाणी पृथ्वीच्या पुढे गेले, ती एक भरती. पलीकडचे पाणी पृथ्वीच्या मागे रेंगाळले, ती दुसरी भरती. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून किनारा दोन्ही फुगवट्यांतून जातो. चंद्रही दरम्यान पुढे सरकलेला असतो, म्हणून हा फेरा २४ तासांऐवजी सुमारे २४ तास ५० मिनिटांत पुरा होतो आणि भरती रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा येते. तिथीच्या पाऊणपटीचा हिशोब तेच सांगतो. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. आजोबांचा हिशोब आणि न्यूटनचा नियम यांच्यात दिवसाला अवघ्या पाच मिनिटांचे अंतर!

तांडेल तिन्ही तरंगे पुन्हा मागे घेतो, स्वतः सरकवून पाहतो आणि मग खलाशाला हाक मारून त्यालाही दाखवतो. ज्ञान खऱ्या अर्थाने पोहोचल्याची हीच खूण असते: ऐकणारा लगेच ते दुसऱ्याला सांगू लागतो.

मध्यरात्र होते. चंद्र माथ्यावर येतो, नांगराचा ताणलेला दोर सैल पडतो, पाणी थबकते. तिघांच्या दोऱ्या झरझर खाली जातात. आता गुरुशिष्यांची अदलाबदल होते. दोरी मुठीत धरायची नसते, तर्जनीवर टेकवायची असते. पहिल्या टोचणीला ओढायचे नसते. शिंगाळा कसा ओढतो आणि तांबोशी कशी ओढते, हा फरक बोटाला कळावा लागतो. शहरातील मित्राच्या दोन टोचण्या वाया जातात. तिसऱ्या वेळी तांडेल त्याच्या मनगटावर हात ठेवून त्याला थोपवतो, आणि योग्य क्षणी हात काढून घेतो. तासाभरात पाणी पुन्हा वाहू लागते तेव्हा बोटीत दोन तांबोशा, एक गोबरा आणि काही शिंगाळे असतात. डिझेलचा खर्च निघेल आणि दोन घरांत कालवण होईल, इतकेच. पहाटे चंद्र पश्चिमेला समुद्रात उतरू लागतो आणि मसाल्याचे दूध अखेर चहात पडते.

ही रात्र कल्पनेतील असली, तरी तिच्यातील देवाणघेवाण कल्पित नाही. तिचा पुरावा दोन हजार वर्षे जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषी लेखकाने ‘पेरिप्लस ऑफ दि एरिथ्रियन सी’ हा प्रवासग्रंथ लिहिला. त्यात बारिगाझाचे, म्हणजे आजच्या भडोचचे, वर्णन आहे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतील अंतर प्रचंड. आजही भावनगरजवळ ते दहा मीटरांच्या आसपास जाते, तर चेन्नईला ते जेमतेम मीटरभर असते. नर्मदेच्या मुखाशी पाणी अशा वेगाने चढे-उतरे की परकी जहाजे उलटत आणि वाळूत रुतत. म्हणून तेथील राजाने स्थानिक मच्छीमारांना आपल्या सेवेत घेतले होते; ते मोठ्या होड्या घेऊन सामोरे जात आणि जहाजांना सुरक्षित मार्गाने बंदरात आणत. रोमन साम्राज्यातून आलेला व्यापारी आपल्या मालासह सुखरूप पोहोचे, तो या किनाऱ्यावरच्या मच्छीमाराच्या भरती-ओहोटीच्या ज्ञानामुळे.

आता प्रश्न असा, की ते ज्ञान राहते कोठे? ते राहते शब्दांत. मोठ्या भरतीला किनाऱ्यावरील माणूस ‘उधाण’ म्हणतो. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांच्या ओढी काटकोनात येतात, एकमेकींना छेदतात आणि पाणी मंदावते, त्याला तो ‘भांग’ म्हणतो. मराठी माध्यमाच्या भूगोलाच्या पुस्तकात हेच शब्द आले: उधाणाची भरती, भांगाची भरती. ज्यांनी ही परिभाषा स्वीकारली त्यांनी फार मोठे काम केले. संस्कृतातून एखादा जडजंबाल शब्द घडवता आला असता. इंग्रजी शब्द जसाच्या तसा उचलता आला असता. तसे झाले असते, तर किनाऱ्यावरील मुलाने तो पाठ केला असता, गुण मिळवले असते आणि घरी जाऊन बापाला काही सांगितले नसते, कारण पुस्तकातील समुद्र आणि बापाचा समुद्र एकच आहेत, हे त्याला कळलेच नसते. ‘उधाण’ हा शब्द पुस्तकात दिसताच मच्छीमाराच्या मुलाला उमगते, की आपल्या घरात जे बोलले जाते ते विज्ञान आहे. मातृभाषेतील शिक्षणाच्या बाजूने अनेक युक्तिवाद केले जातात. हा एक शब्द त्या सर्वांचे काम करतो.

हे केवळ मराठीचे वैभव नाही, आणि परप्रांतात वाढलेल्या या शाळेच्या विद्यार्थ्यांना ते वेगळे सांगायला नको. गुजराती माणूस ‘भरती-ओट’ म्हणतो, हिंदी भाषक ‘ज्वार-भाटा’. बंगालच्या खाडीमुखांवर पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला ‘भरा कोटाल’ आणि मंद भरतीला ‘मरा कोटाल’ म्हणतात. तेलुगूतील ‘आटुपोटु’ हा शब्द समुद्राच्या चढउतारांपुरता राहिला नाही. तो आयुष्यातील चढउतारांनाही लावतात, जसे मराठी माणसाच्या उत्साहाला उधाण येते. केरळच्या किनाऱ्यावर ‘वेलियेट्टम’ आणि ‘वेलियिरक्कम’. चंद्र एक, पाणी एक; प्रत्येक किनाऱ्याने आपापल्या जिभेने त्याचा अभ्यास केला. घरात मराठी आणि अंगणाबाहेर दुसरी भाषा बोलत वाढलेल्या मुलाला यांतील दोन शब्दकोश जन्मतःच मिळतात. ही अडचण नाही, ही कमाई आहे.

मात्र लोकज्ञानाचे गुणगान करून थांबणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. तिथी भरती सांगते. वादळ सांगत नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ चक्रीवादळाने कोकणच्या मच्छीमारांना हे दाखवून दिले. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ‘ओखी’ वादळाने तो धडा अधिक क्रूरपणे गिरवला. श्रीलंकेजवळ निर्माण झालेले हे वादळ फार झपाट्याने बळावले आणि कन्याकुमारीच्या दक्षिणेकडून अरबी समुद्रात शिरले. केरळ आणि तामिळनाडू येथील कितीतरी बोटी त्याआधीच अनेक दिवसांच्या मोहिमेवर खोल समुद्रात गेलेल्या होत्या. इशारे निघाले, पण किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरपलीकडे मोबाइल चालत नाही, आणि त्या बोटींपर्यंत शब्द पोहोचला नाही. अनेक घरांतील माणसे परतलीच नाहीत.

त्याच दिवसांत एक गोष्ट महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर घडली. वादळाने भरकटलेल्या ६८ बोटी, त्यांतील ६६ केरळच्या आणि २ तामिळनाडूच्या, सुमारे साडेनऊशे मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या आणि देवगड बंदरात त्यांना आश्रय मिळाला. त्या आठवड्यातच, ३ डिसेंबरला, मार्गशीर्ष पौर्णिमा होती. चंद्र पृथ्वीच्या जवळ असल्याने नेहमीपेक्षा मोठा दिसत होता, आणि वादळाच्या जोडीला उधाणाचे पाणी होते. मल्याळम आणि तमिळ बोलणारी माणसे मराठी बंदरात नांगर टाकून होती. कोणत्या भाषेत हाक मारली, हे पाहून बंदर जागा देत नाही. या शाळेच्या संस्थापकांनी साठ वर्षांपूर्वी परभाषक नगरात पहिला वर्ग भरवला, तेव्हा याही नगराने अशीच जागा दिली होती. हीरक महोत्सवात त्या नगराचे ऋण प्रथम मानले पाहिजे.

ओखीनंतर जे घडले त्यात या भाषणाचे सार आहे. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था उपग्रहांकडून समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्याचे प्रमाण मिळवते आणि मासळी कोठे सापडण्याचा संभव आहे, याची सूचना मच्छीमारांना देते. लाटांचे व वादळांचे इशारेही देते. मोबाइलच्या पट्ट्याबाहेर गेलेल्या बोटीला उपग्रहामार्फत इशारा मिळावा, यासाठी २०१९ मध्ये ‘जेमिनी’ नावाचे उपकरण आणले गेले. उपग्रह अवकाशात, संगणक हैदराबादेत. पण त्या साखळीची शेवटची कडी असते बोटीवरच्या माणसाला वाचता येणारे, समजणारे एक वाक्य. म्हणून या सूचना प्रादेशिक भाषांत द्याव्या लागतात. ते वाक्य चुकीच्या शब्दांत गेले, तर वरचे कोट्यवधी रुपयांचे विज्ञान पाण्यात जाते, आणि त्याबरोबर माणसेही जातात.

असे वाक्य कोण लिहील? समुद्रविज्ञान शिकलेला, पण ‘उधाण’ आणि ‘भांग’ हे शब्द न ऐकलेला माणूस ते लिहू शकणार नाही. हे शब्द जन्मापासून जगलेला, पण उपग्रहाची आकृती न वाचता येणारा माणूसही लिहू शकणार नाही. त्यासाठी त्या दोन मित्रांतील संवाद एकाच माणसाच्या अंगी मुरलेला असावा लागतो. मातृभाषेच्या शाळेचे खरे प्रयोजन अशी माणसे घडवणे हे आहे. ही गोष्ट समुद्रापुरतीही मर्यादित नाही. रुग्णाला त्याच्या आजाराचे स्वरूप सांगणारा डॉक्टर, शेतकऱ्याला मातीच्या तपासणीचा अर्थ समजावणारा कृषितज्ज्ञ, आजीला बँकेच्या कागदातील अट उलगडून दाखवणारी नात, हे सगळे फळीवर तीन तरंगे मांडणाऱ्या त्या मित्राचेच भाईबंद. आज येथे बसलेले कितीतरी माजी विद्यार्थी रोज हे काम करतात आणि त्याची कोठे नोंद होत नाही.

पालकांच्या मनातील शंका रास्त असते: मराठीत शिकलेले मूल पुढे मागे पडणार नाही ना? तिला घोषणांनी उत्तर देऊ नये. इंग्रजी उत्तम यायलाच हवे. या नगराची भाषाही यायला हवी. विचार करण्यासारखी बाब इतकीच, की ज्या मुलाला आपल्या घरातील शब्दांनी निसर्गाचा नियम समजलेला असतो, ते मूल पुढे तो नियम कोणत्याही भाषेत नेऊ शकते आणि, अधिक महत्त्वाचे म्हणजे, परत घरी आणू शकते. शिकून दूर जाणे सोपे. शिकलेले घेऊन परत येणे कठीण. त्यासाठी परतीच्या वाटेवर पुरेसे पाणी असावे लागते.

साठ वर्षांत सुमारे ७४२ पौर्णिमा होऊन गेल्या. त्या काळात किनाऱ्यावरील किती शब्द आजीआजोबांबरोबर गेले, याची गणती कोणी ठेवली नाही. महोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांनी शाळेला एक भेट द्यावी. वास्तुनिधीची पावती स्वतंत्र आहे; ही भेट वेगळी. प्रत्येकाने आपल्या गावचे, आपल्या घराण्याच्या व्यवसायाचे असे दहा शब्द लिहून पाठवावेत, जे छापील पुस्तकात सहसा सापडत नाहीत: समुद्राचे, शेताचे, मागाचे, भट्टीचे, स्वयंपाकघराचे. प्रत्येक शब्दापुढे त्याचा अर्थ आणि तो कोणाच्या तोंडून ऐकला ते नाते लिहावे. वर्गावर्गांत मुले ते शब्द वाचतील, त्यामागील शास्त्र शोधतील आणि शिक्षकांना प्रश्न विचारतील. त्यांतील काही प्रश्न तांडेलाच्या प्रश्नाइतके अवघड असतील, आणि उत्तर शोधण्यासाठी शिक्षकांना पुन्हा विद्यार्थी व्हावे लागेल. साठ वर्षांच्या शाळेला याहून चांगला वाढदिवस कोणता?